एक्स-रे नॉर्मल, तरी कोपर डळमळतं

“एक्स-रेत काही नाही म्हणाले, मग हे दुखतंय ते काय?”

हा प्रश्न पावसाळ्यात जरा जास्तच ऐकू येतो. स्कूटर घसरलेली असते किंवा मोरीत पाय सटकलेला असतो. पडताना माणूस हात पुढे टेकतो आणि अंगाचा सगळा भार तळहातावरून कोपरात उतरतो. दवाखान्यात एक्स-रे काढतात, “हाड मोडलेलं नाही” असं सांगतात, हात झोळीत अडकवतात. घरच्यांच्या जिवात जीव येतो. महिन्या-दीड महिन्यानं झोळी जाते, सूज ओसरते, पण कणीक मळताना किंवा जमिनीवर हात टेकून उठताना कोपरात काहीतरी ‘खट्’ करतं आणि हात क्षणभर आपला वाटेनासा होतो. मग दुसरा प्रश्न येतो: “एमआरआय काढला की सगळं कळेल ना?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं तेवढं सोपं नाही, आणि हे प्रकरण मुख्यतः त्या दुसऱ्यासाठी आहे.

१. एका कोपरात तीन सांधे

कोपर म्हणजे बिजागरी, असं शाळेत शिकवतात. ते अर्धंच खरं. दंडात एक हाड असतं आणि कोपराखाली दोन: करंगळीच्या बाजूचं अल्ना, अंगठ्याच्या बाजूचं रेडियस. दंडाच्या हाडाचं खालचं टोक दोन आकारांत संपतं. आतल्या बाजूला विहिरीवरच्या कप्पीसारखी खाच आणि बाहेरच्या बाजूला गोटीसारखा गोल उंचवटा. अल्नाचं वरचं टोक पान्याच्या जबड्यासारखं असतं. तो जबडा कप्पीला धरून बसतो. रेडियसचं डोकं मात्र थाळीसारखं, किंचित खोलगट. ते गोटीसमोर फिरतं. जबडा आणि कप्पी हा एक सांधा, थाळी आणि गोटी हा दुसरा, आणि रेडियस अल्नाच्या कडेला टेकून फिरतं तो तिसरा. घास तोंडाशी नेताना पहिले दोन कामाला लागतात, कुलपात किल्ली फिरवताना मुख्यतः शेवटचे दोन. तिन्हींभोवती मिळून एकच पातळ पिशवी असते.

आणखी एक गोष्ट इथेच पाहून ठेवू. हात पूर्ण सरळ केला की अल्नाचं मागचं टोक, म्हणजे आपण टेबलावर टेकवतो ते, दंडाच्या हाडातल्या खळग्यात जाऊन कडीसारखं बसतं. कडी लावलेलं दार बिजागरीत खिळखिळं झालंय की नाही, हे हलवून कळत नाही. कोपराचंही तसंच आहे. तपासताना ते थोडं वाकवावं लागतं, म्हणजे कडी सुटते.

२. दोर कुठे बांधलेत

हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा म्हणजे लिगामेंट, मराठीत अस्थिबंध. स्नायूला हाडाशी बांधणारा दोर वेगळा, त्याला कंडरा म्हणतात. हा भेद इथेच करून टाकलेला बरा, कारण कोपर दुखलं की घरात पहिलं वाक्य येतं, “सचिनला झालं होतं तेच!” सचिन तेंडुलकरला २००४ साली डाव्या कोपराला जे झालं आणि ज्यासाठी २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली, तो टेनिस एल्बो होता. तो कंडरेचा आजार. त्यात कोपर दुखतं, पण निखळू पाहत नाही.

कोपराला दोन मुख्य बंध आहेत, आतला आणि बाहेरचा.

आतल्या बंधाचा पुढचा पट्टा सर्वांत महत्त्वाचा. दंडाच्या हाडाच्या आतल्या टेंगळापासून तो अल्नाच्या जबड्याच्या पुढच्या ओठाशी येऊन चिकटतो. कोपराखालचा हात बाहेरच्या दिशेनं उलटू पाहतो तेव्हा हाच अडवतो. मेयो क्लिनिकमधल्या मॉरे आणि ॲन यांनी १९८३ साली मृतदेहांच्या कोपरांवर मोजून पाहिलं. हात सरळ असताना या उलटण्याला होणाऱ्या विरोधात आतल्या बंधाचा वाटा ३१ टक्के भरला. काटकोनात वाकवल्यावर तो ५४ टक्क्यांवर गेला. म्हणजे कडी सुटली की भार दोरावर येतो.

भार किती येतो? बेसबॉलचा पिचर पूर्ण ताकदीनं चेंडू फेकतो तेव्हा कोपराला उलटवू पाहणारा पीळ सुमारे ६४ न्यूटन-मीटर असतो. एक मीटर लांबीची काठी आडवी धरून तिच्या टोकाला साडेसहा किलोची पिशवी अडकवली, तर धरलेल्या टोकाशी जेवढा पीळ बसेल तेवढा. प्रयोगशाळेत नुसतं आतलं लिगामेंट ताणत गेलं तर ते साधारण याच्या निम्म्यातच तुटतं. मैदानावर ते दर चेंडूला तुटत नाही, कारण मनगट वाकवणारे स्नायू आणि हाडांची बैठक उरलेला भार उचलतात. स्नायू थकले की हिशोब बिघडतो.

बाहेरच्या बाजूची रचना जरा गुंतागुंतीची आहे. तिथला एक बंध रेडियसच्या डोक्याभोवती कड्यासारखा वळसा घालतो. दुसरा दंडाच्या हाडाच्या बाहेरच्या टेंगळापासून निघतो, रेडियसच्या डोक्यामागून तिरका जातो आणि अल्नाला बांधला जातो. झोळीत मूल बसावं तसं रेडियसचं डोकं त्याच्यावर टेकलेलं असतं. झोळी फाटली की डोकं मागे घसरतं. अल्नाही त्याच्यासोबत वळतं आणि कोपर बाहेरच्या बाजूनं उघडायला लागतं. मेयो क्लिनिकच्याच शॉन ओड्रिस्कॉल यांनी १९९१ साली या घसरण्याचं नेमकं वर्णन केलं. तोवर असे कितीतरी रुग्ण ‘जुनं दुखणं’ या सदरात जमा होत असणार.

३. फाटणं एक, डळमळणं दुसरं

या प्रकरणातली सर्वांत कामाची गोष्ट इथे आहे, म्हणून थोडं थांबू.

मोठ्या सांध्यांत खांद्याखालोखाल निखळतं ते कोपर. हाड न मोडता कोपर नुसतं निखळलं, तर डॉक्टर ते ओढून जागेवर बसवतात. त्यानंतर आठवडाभरात एमआरआय काढला तर बहुतेकांच्या दोन्ही बाजूंचे बंध फाटलेले दिसतात. रिपोर्टवर ‘कम्प्लीट टिअर’ असा शब्द असतो आणि तो वाचून नातेवाईक घाबरतात. पण अशा कोपरांपैकी बरीचशी शस्त्रक्रियेशिवाय, थोडे दिवस आधार देऊन आणि मग लवकर हलवायला लावून, घट्ट बसतात. स्नायू सांध्याला दाबून धरतात, हाडांची बैठक शाबूत असते आणि फाटलेले बंध जागच्या जागी जुळून येतात. उलट भीती असते ती आखडण्याची. तीन आठवड्यांपुढे प्लास्टरमध्ये ठेवलेलं कोपर पुन्हा सरळ करताना घाम फुटतो.

याच्या उलटही होतं. बंध पूर्ण तुटलेला नसतो, फक्त सैल पडून लांब झालेला असतो. चित्रात तो सलग दिसतो, रिपोर्ट ‘इंटॅक्ट’ म्हणतो आणि माणूस खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठताना कोपर सटकतं.

फाटणं ही रचनेतली गोष्ट आहे, डळमळणं ही वागण्यातली. रचना फोटोत येते. वागणं पाहायला सांधा हलवावा लागतो. कुठल्याही तपासणीकडे पाहताना हा फरक डोक्यात असला, की रिपोर्टची निम्मी भीती आपोआप कमी होते.

४. एक्स-रे: जे दिसत नाही त्याची सावली

लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही. रंटगेननं १८९५ साली क्ष-किरण शोधले तेव्हापासून ही मर्यादा आहे, कारण मऊ भागांतून ते किरण जवळजवळ सारखेच आरपार जातात. तरीही लिगामेंटच्या संशयात पहिला फोटो एक्स-रेच असतो आणि तो तसाच असायला हवा. बंध दिसत नसला तरी त्यानं मागे ठेवलेल्या खुणा दिसतात. दोन फोटो लागतात, एक समोरून आणि एक कोपर काटकोनात वाकवून बाजूनं.

पहिली खूण चरबीची. सांध्याच्या पिशवीला लागून पुढे आणि मागे चरबीच्या लहान गाद्या असतात. मागची गादी खळग्यात दडलेली असते, त्यामुळे बाजूच्या फोटोत ती दिसत नाही. सांध्यात रक्त साचलं की पिशवी फुगते आणि पुरी फुगल्यावर वरचा पापुद्रा उचलावा तशी चरबी खळग्याबाहेर येते. मागे काळसर पट्टा दिसला की आत काहीतरी झालंय हे नक्की, मग हाडाला तडा दिसो वा न दिसो. “एक्स-रे नॉर्मल” म्हणून घरी पाठवलेल्यांतल्या काहींच्या फिल्मवर हा पट्टा असतो. पाहणाऱ्यानं फक्त हाडं पाहिलेली असतात.

दुसरी खूण एका सरळ रेषेची, आणि ती घरीही तपासता येते. रेडियसच्या मानेच्या मधोमध पेन्सिलनं रेघ ओढा आणि वर वाढवा. ती त्या गोटीतूनच गेली पाहिजे, फोटो कुठल्याही बाजूनं काढलेला असो. रेघ गोटी चुकवून गेली तर थाळी जागेवर नाही.

तिसरी खूण फटीची. निखळलेलं कोपर बसवल्यानंतर बाजूच्या फोटोत जबडा आणि कप्पी यांमधलं अंतर पाहतात. नुसत्या विश्रांतीतल्या फोटोत ते चार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरलं, तर हात आपल्या वजनानंच खाली लोंबतोय असं समजायचं. दोर आणि स्नायू दोन्ही ढिले आहेत. काही दिवसांत स्नायूंमध्ये ताकद आली आणि फट मिटली तर उत्तम. तशीच राहिली तर डॉक्टर पुढचा विचार करतात.

आणि चौथी, तांदळाएवढ्या हाडाच्या तुकड्याची. बंध जिथे चिकटतो तिथून त्यानं हाडाचा टवका उचकटून आणलेला असतो. फिल्मवर तो इतका क्षुल्लक दिसतो की ‘बारीक चिप आहे, काही नाही’ असं म्हटलं जातं. ती चिप म्हणजे दोराच्या टोकाला उखडून आलेली खुंटी असू शकते.

५. ताण देऊन पाहणं

आता वागणं पाहू. कोपर साधारण ३० अंश वाकवायचं, म्हणजे कडी सुटते. मग कोपराखालचा हात हळूच बाहेर ढकलायचा आणि त्याच क्षणी समोरून फोटो घ्यायचा. आतली फट किती उघडली ते मोजायचं आणि तेच दुसऱ्या, चांगल्या हातावर करायचं. दुसरा हात का? प्रत्येकाची ठेवण वेगळी असते. काहींचे सांधे जन्मतःच सैल असतात, आणि वर्षानुवर्षं फेकणाऱ्या निरोगी खेळाडूचा फेकीचा हातही दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त उघडतो. एकट्या आकड्याला अर्थ नसतो.

हेच काम सोनोग्राफीनं आणखी छान होतं, कारण त्यात चित्र हलतं. महाराष्ट्रात सोनोग्राफी म्हटलं की पोटाची, आणि त्यातही गरोदरपणाची, हेच डोळ्यांपुढे येतं. केंद्राच्या दारात ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा कायद्यानं सक्तीचा फलक असतो आणि त्याच्याखाली क्रिकेटच्या टी-शर्टातला मुलगा कोपर धरून बसलेला पाहून लोक चक्रावतात. पण त्वचेखाली एक-दोन सेंटिमीटरवर असलेला दोर पाहायला याच्याइतकं सोयीचं साधन दुसरं नाही. रुग्णाला उताणं झोपवतात, हात टेबलाच्या कडेबाहेर असा सोडतात की कोपराखालच्या भागाचं वजनच फट उघडेल, आणि पडद्यावर पाहत राहतात.

समजा, एका भालाफेक खेळाडूच्या उजव्या कोपरात आतली फट विश्रांतीत ३ मिलिमीटर आणि ताणल्यावर ५.५ भरली. म्हणजे ती २.५ नं वाढली. डाव्या कोपरात ती २.८ वरून ३.८ झाली, म्हणजे १ नं वाढली. दोन्ही वाढींतला फरक १.५ मिलिमीटर. दोन हातांत साधारण एक मिलिमीटरपेक्षा जास्त तफावत पडली की तपासणारा सावध होतो. त्याच वेळी दोराच्या पट्ट्यात काळी भेग दिसली आणि नेमकी तिथेच बोट लावल्यावर खेळाडूनं तोंड वाकडं केलं, तर निदान जवळजवळ हाती आलं.

सोनोग्राफीची खोट एकच आहे, पण मोठी. ती करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. प्रोब जरा तिरका धरला तर चांगला दोरही काळा, म्हणजे फाटल्यासारखा दिसतो. सांधे पाहण्याचा सराव असलेला रेडिओलॉजिस्ट जवळ नसेल तर या तपासणीचा आग्रह धरू नये, असं माझं मत आहे.

६. एमआरआय: काळ्या दोरातली पांढरी रेघ

एमआरआय यंत्र शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजनकडून संदेश गोळा करतं. दीड टेस्लाचं यंत्र म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. लिगामेंटमध्ये तंतू इतके घट्ट वळलेले असतात की तिथलं पाणी जवळजवळ मुकं असतं. म्हणून निरोगी बंध काळ्या पट्टीसारखा दिसतो. पाणी उजळ दिसेल अशा पद्धतीच्या चित्रात फाटलेल्या जागी शिरलेला द्रव पांढरा चमकतो. काळ्या नाडीत पांढरी रेघ, एवढंच शोधायचं असतं.

सांगायला सोपं आहे, पण शोधताना तीन अडचणी येतात.

एक, जागा. यंत्राचं चुंबकत्व मधोमध सर्वांत सारखं असतं आणि कोपर शरीराच्या कडेला. ते मधोमध आणायचं तर पालथं झोपून हात डोक्यावरून पुढे ताणायचा, उडणाऱ्या हनुमानासारखा. दुखऱ्या कोपराला वीस-पंचवीस मिनिटं तसं ठेवणं ही शिक्षाच आहे. माणूस हलतो, चित्र पुसट होतं. हात अंगालगत ठेवला तर आराम मिळतो, पण चित्राचा दर्जा घसरतो.

दोन, काप. एमआरआय सांध्याच्या चकत्या करून दाखवतो, साधारण तीन मिलिमीटर जाडीच्या. कोथिंबीर वडीच्या उंड्यात एखादा देठ तिरका गेला असेल तर चकत्या केल्यावर कुठल्याच चकतीत अख्खा देठ सापडत नाही, प्रत्येकीत एकेक ठिपका. बाहेरच्या बाजूची ती झोळी नेमकी अशीच तिरकी आणि पातळ आहे. ‘नीट दिसत नाही’ आणि ‘फाटली आहे’ यांतला फरक इथे फार बारीक होतो.

तीन, फसवे उजेड. तंतू मुख्य चुंबकाच्या दिशेशी साधारण ५५ अंशांचा कोन करून बसले तर काही चित्रांत निरोगी दोरही उजळ दिसतो. गोटीच्या मागच्या अंगाला बहुतेकांना एक नैसर्गिक खाच असते, ती नवख्याला चेपलेलं हाड वाटते.

असं असूनही एमआरआयला एक गोष्ट अशी जमते जी एक्स-रे किंवा सोनोग्राफीला जमत नाही. तो हाडाचा मुका मार दाखवतो. अपघातग्रस्त गाड्यांवरचे पोचे पाहून टक्कर कशी झाली ते पोलीस ओळखतात, तसं. गोटीची मागची बाजू आणि रेडियसच्या थाळीची कड, या दोन ठिकाणी हाड आतून सुजलेलं दिसलं तर कोपर निखळून आपोआप जागेवर आलं असण्याची शक्यता मोठी. रुग्ण “नुसतं मुरगळलं” म्हणत असतो आणि त्याला ते खरंच वाटत असतं.

रिपोर्ट हातात आल्यावर गोंधळ होतो तो नावांचा. आतल्या बंधाला कुणी ‘एमसीएल’ लिहितं, कुणी ‘यूसीएल’. दोन्ही एकच. त्यातून एमसीएल गुडघ्यातही असतं, त्यामुळे मोबाईलवर शोधायला गेलेला माणूस भलतेच व्यायाम करत बसतो. ‘स्प्रेन’ म्हणजे ताण, ‘पार्शियल टिअर’ म्हणजे काही तंतू तुटले, ‘फुल थिकनेस’ म्हणजे जाडीभर आरपार. ‘एडीमा’ म्हणजे सूज, तो वेगळा आजार नव्हे.

७. टॉमी जॉनचा दोर आणि टी अक्षर

१७ जुलै १९७४. लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन मॉन्ट्रिऑल एक्स्पोजविरुद्ध खेळत होता. एका फेकीला त्याच्या कोपरातून जोरच निघून गेला. आतलं लिगामेंट तुटलं होतं. पिचरच्या बाबतीत याचा अर्थ तेव्हा निवृत्ती असाच होता. डॉक्टर फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबरला त्याच्या उजव्या हातातली एक कंडरा काढली आणि डाव्या कोपराच्या हाडांत भोकं पाडून नव्या दोरासारखी ओवली. १९७६ साली टॉमी जॉन मैदानावर परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि एकूण २८८ विजयांपैकी १६४ त्यानं या शस्त्रक्रियेनंतर मिळवले. आज त्या शस्त्रक्रियेला त्याचंच नाव आहे.

ती कंडरा तुम्हालाही पाहता येईल. अंगठा आणि करंगळी टोकाला टोक लावा आणि मनगट किंचित आत वाकवा. मधोमध दोरी उभी राहते. काहींना ती जन्मतःच नसते आणि तिच्यावाचून त्यांचं काहीही अडत नाही, म्हणून तर ती काढता येते.

जोब यांच्याकडे एमआरआय नव्हता. माणसाच्या शरीराची पहिली एमआरआय प्रतिमा १९७७ सालची. पण यंत्र आल्यावरही एक दुखापत वर्षानुवर्षं निसटत राहिली. बंध वरून सलग, पण खालच्या अंगानं, हाडाला चिकटतो तिथे, सुटलेला. सतरंजी वरून पाहिली तर नीट अंथरलेली, कड उचलली तर खालचे टाके उसवलेले. साध्या चित्रात हे सहसा कळत नाही. म्हणून सांध्यात सुईनं पातळ केलेलं रंगद्रव्य सोडतात आणि मग चित्र काढतात. याला आर्थ्रोग्राफी म्हणतात. द्रव पिशवीत पसरतो आणि उसवलेल्या जागेतून बंधाखाली शिरतो, पण बाहेर पडत नाही. सांध्याची आडवी फट आणि हाडालगत उतरलेला तो ओघळ मिळून इंग्रजी टी अक्षर आडवं पडल्यासारखं दिसतं. १९९४ साली टिमरमन आणि अँड्र्यूज यांच्या गटानं सीटी आणि रंगद्रव्य वापरून ही खूण नोंदवली. तिलाही अपवाद आहे. काही निरोगी माणसांत बंध मुळातच हाडाच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली चिकटतो, त्यामुळे छोटासा टी निसर्गतःच दिसतो.

आपल्याकडे पिचर नाहीत, पण भालाफेकवाले आहेत. किंबहुना या दुखापतीचं वैद्यकीय साहित्यातलं पहिलं वर्णन १९४६ सालचं आणि भालाफेकपटूंचंच आहे. फेकीच्या खेळात बंधाखेरीज हाडाच्या कडा आणि कूर्चाही झिजतात. नीरज चोप्राच्या उजव्या कोपरावर मे २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोत त्यानं सुवर्णपदक घेतलं ते त्याच हातानं.

८. हाडही मोडलं असेल तर

निखळण्यासोबत रेडियसची थाळी फुटली आणि अल्नाच्या जबड्याचा पुढचा ओठही तुटला, तर सर्जन मंडळी त्याला ‘टेरिबल ट्रायड’ म्हणतात. तीन गोष्टी एकत्र बिघडलेल्या आणि नाव सार्थ. इथे एमआरआयसाठी थांबण्यात अर्थ नसतो. सीटी स्कॅन लागतो, कारण तुकडे किती, केवढे आणि कुठे गेलेत हे त्याच्या त्रिमित चित्रात स्पष्ट कळतं. बंध फाटलाय का, हा प्रश्नच उरत नाही, तो फाटलेलाच असतो. हाड बसवल्यावर भूल उतरायच्या आधी टेबलावरच सी-आर्म नावाच्या फिरत्या एक्स-रे यंत्राखाली कोपर वाकवून-उलटवून पाहतात. वागणं पाहण्याचा हा सर्वांत भरवशाचा मार्ग, कारण झोपलेला रुग्ण स्नायू आवळून कोपर लपवू शकत नाही.

९. लहान मुलांचं कोपर वेगळंच

तीन वर्षांचं मूल, आईनं रस्ता ओलांडताना हात धरून वर खेचलं आणि त्या क्षणापासून मूल हात लुळा सोडून रडतंय. कड्यासारखा तो बंध रेडियसच्या डोक्यावरून जरा सरकलेला असतो. फाटलेला नसतो. हकीकत अशी स्पष्ट असेल तर फोटोची गरज पडत नाही. डॉक्टर एका हलक्या पिळानं तो बसवतात आणि थोड्या वेळात मूल त्याच हातानं बिस्किट मागतं. पुष्कळदा एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ तळहात वर करून ठेवताना नकळत कोपर बसवून टाकतो आणि श्रेय यंत्राला मिळतं.

मोठ्या मुलांत मात्र सावध राहावं लागतं. वाढत्या वयात हाडाची टोकं कूर्चेची असतात आणि ठराविक क्रमानं हाड बनतात: गोटी, रेडियसचं डोकं, आतलं टेंगूळ, कप्पी, मागचं टोक, बाहेरचं टेंगूळ. वयं ढोबळमानानं एक, तीन, पाच, सात, नऊ, अकरा. मुलांत बंध हाडापेक्षा चिवट असतो, म्हणून तो फाटण्याऐवजी आतलं टेंगूळच उचकटून आणतो आणि कधी कधी तो तुकडा सांध्यात जाऊन अडकतो. आता कोडं पाहा. निखळून बसवलेल्या कोपराच्या फिल्मवर कप्पीच्या जागी हाडाचा ठिपका दिसतोय, पण आतल्या टेंगळाचा ठिपका नाही. क्रमानं पाहता टेंगूळ आधी यायला हवं. म्हणजे कप्पी वाटतेय ती कप्पी नव्हेच, ते सांध्यात अडकलेलं टेंगूळ आहे. हे एका साध्या एक्स-रेत कळतं, फक्त क्रम पाठ हवा. शंका आली तर दुसऱ्या कोपराचा फोटो शेजारी ठेवायचा.

आणि वय काहीही असो, पडल्यानंतर सुजलेलं कोपर चोळून घेऊ नका. हाडवैद्याकडे नेऊन तेल लावून रगडलेल्या कोपरांत स्नायूंमध्ये हाड तयार होऊन सांधा कायमचा आखडल्याची उदाहरणं आपल्याकडच्या हाडांच्या डॉक्टरांनी भरपूर पाहिली आहेत.

१०. तपासणीला जाताना

समजा, चाळिशीच्या एका बाईंना वर्षभर कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय. टेनिस एल्बो म्हणून तीन-चार वेळा स्टेरॉइडचं इंजेक्शन झालंय. आता जमिनीवर हात टेकून उठताना कोपर सटकतं. अशा वारंवार इंजेक्शनांनी कंडरेखालची ती झोळीही विरू शकते. अर्जावर नुसतं ‘टेनिस एल्बो’ लिहिलेलं असेल, तर रेडिओलॉजिस्ट कंडरेकडे पाहील, ती खराब आहे असं लिहील आणि ते खरंही असेल. ‘उठताना सटकतं, बाहेरचा बंध पाहावा’ एवढे शब्द असते तर त्यानं चकत्या त्या तिरक्या दोराच्या दिशेनं घेतल्या असत्या.

म्हणून एमआरआयला जाताना पडलात त्या दिवशीचे एक्स-रे सोबत न्या. कोपर बसवण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं रोपण यांपैकी काही असेल तर नाव नोंदवतानाच सांगा. बांगड्या-मंगळसूत्र घरी ठेवा. आत जाण्याआधी तंत्रज्ञाला कोपर नेमकं कशानं आणि कुठल्या स्थितीत सटकतं ते करून दाखवा. आणि अर्जावर फक्त ‘कोपरदुखी’ लिहिलं असेल, तर तो घेऊन परत जा आणि डॉक्टरांकडून एक ओळ वाढवून आणा.